लांकडी पिकोलो : बेताच्या पैशांत तिची निवड

पाश्चात्य वाद्यवृंदांत जें वाद्य आकारानें सर्वांत लहान, त्याचाच आवाज सर्वांच्या वर ऐकूं येतो, हें प्रथमच ऐकणारास थोडें चमत्कारिक वाटतें. साठ-सत्तर वादक एकाच वेळीं वाजवीत असावेत, त्यांत पितळी तुताऱ्या असाव्यात, मोठाले नगारे असावेत, आणि तेवढ्या घनगर्जनेंतून दीड वीत लांबीच्या एका नळीचा स्वर सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत सरळ जाऊन पोंचावा, असा हा प्रकार आहे. ही नळी म्हणजे पिकोलो. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थ नुसता ‘लहान’ एवढाच. मूळ नांव ‘लहान बांसरी’ असें होतें. त्यांतील बांसरी लोकांनीं सोडून दिली आणि लहानपणा तेवढा ठेविला.

आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें बांसरी म्हटली कीं हातभर लांबीचा, खर्जांत घुमणारा वेळू उभा राहतो. पन्नालाल घोष यांनीं लांब बांसरी मैफलींत प्रतिष्ठित केल्यापासून तर गंभीर स्वर हेंच बांसरीचें भूषण मानलें जाऊं लागलें. पिकोलोचें सारें याच्या उलट आहे. पाश्चात्य फ्लूट सुमारें ६७ सेंटिमीटर लांब असते. पिकोलो सुमारें ३२ सेंटिमीटर, म्हणजे तिच्या निम्म्याहूनहि किंचित् कमी. कागदावर तेच स्वर लिहावयाचे आणि ऐकूं मात्र एक सप्तक वर यावयाचे, हा तिचा धर्म. तिचा सर्वांत उंच स्वर म्हणजे पियानोच्या उजव्या टोकाच्या शेवटच्या पट्टीचा स्वर. सेकंदाला सुमारें ४१८६ कंपनें. त्यापुढें पियानोलाहि वाट नाहीं.

या वाद्याला मानाची जागा मिळवून देणाऱ्यांत बेथोव्हेनचें नांव घ्यावें लागतें. व्हिएन्ना येथें २२ डिसेंबर १८०८ रोजीं त्याची पांचवी सिंफनी प्रथम वाजली, तेव्हां तिच्या शेवटच्या भागांत पिकोलो आली. पुढें चायकोव्हस्कीनें आपल्या चौथ्या सिंफनीच्या तिसऱ्या भागांत तिच्याकडून अशी कांहीं चपळाई करून घेतली आहे कीं, वादकाची नोकरी तेवढ्या चार मात्रांवर ठरते असें म्हटलें तरी चालेल. अमेरिकेंत सूझानें १८९६ सालीं लिहिलेल्या ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’ या कूचगीतांत पिकोलोवाला उभा राहून वाजवितो आणि लोक त्याच्याकडेच पाहतात. आपल्याकडे हें वाद्य परकें असलें तरी अपरिचित नाहीं. गोमंतकीय वादकांच्या कित्येक पिढ्यांनीं पाश्चात्य वाद्यें मुंबईंत रुजविलीं. २००६ पासून मुंबईंतच, नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रांत, एक पूर्ण सिंफनी वाद्यवृंद चालतो. तेव्हां फ्लूट शिकणाऱ्या मुलांच्या घरीं आज ना उद्यां पिकोलोचा प्रश्न येतोच. आणि तो आला म्हणजे लागलीच दुसरा प्रश्न येतो, तो पैशांचा.

कारण हें वाद्य लहान असलें तरी स्वस्त नाहीं. नामांकित कारखान्याची नवी लांकडी पिकोलो घ्यावयाची तर रुपयांचा आंकडा लाखाच्या पुढें जातो. हातानें घडविलेल्या अमेरिकन वा जर्मन वाद्याची किंमत कित्येक लाखांच्या घरांत असते. लांबीच्या मानानें पाहिलें तर सेंटिमीटरला इतका भाव खाणारें दुसरें सुषिर वाद्य क्वचितच असेल. ज्या घरांत ही रक्कम दोन-तीन वर्षांच्या काटकसरीनें सांठविलेली असते, तेथें ती एकदांच खर्च होते. दुसऱ्यांदा चूक करावयास तिजोरींत कांहीं उरत नाहीं.

म्हणून पहिला विचार लांकडाचाच करावयास पाहिजे. लांकडी पिकोलो उत्तम, धातूची कनिष्ठ, हा समज वादकांत इतका दृढ आहे कीं, त्याचें कारण कोणी सहसा विचारीत नाहीं. कारण आहे, पण तें बहुतेक समजतात तें नव्हे. म्युनिकचा थिओबाल्ड बोहम हा सोनाराचा धंदा शिकलेला फ्लूटवादक. त्यानें १८३२ सालीं फ्लूटच्या चाव्यांची नवी रचना केली आणि १८४७ सालीं नळीची पोकळीहि बदलून शेवटपर्यंत सरळ केली. फ्लूटनें ही दुसरी सुधारणा मनापासून स्वीकारली. पिकोलोनें मात्र चाव्या घेतल्या आणि पोकळी बहुधा जुनीच ठेविली. चांगल्या पिकोलोचा फुंकण्याकडील तुकडा आंतून सरळ असतो, आणि पुढील अंग टोंकाकडे हळूहळू निमुळतें होत जातें. या निमुळत्या पोकळीमुळें वरच्या सप्तकांतील स्वर सुरांत राहतात व थोड्या फुंकेनें निघतात. धातूच्या पिकोलोंपैकीं पुष्कळांची पोकळी सरळ असते. त्यांचा खालचा स्वर भरदार लागतो, पण वर चढावें तसा सूर सांभाळणें कठीण होतें आणि आवाजांत कर्कशपणा येतो. लोक ज्याला लांकडाचा गुण म्हणतात, त्यांतील मोठा वांटा अशा रीतीनें पोकळीचा गुण आहे.

याला शास्त्राचाहि आधार आहे. जॉन कोल्टमन या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकानें, जो स्वतः हौशी फ्लूटवादक होता, एकाच मापाच्या पण चांदी, तांबें व लांकूड अशा निरनिराळ्या द्रव्यांच्या नळ्या करून त्या पडद्याआड वाजवून घेतल्या. १९७१ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा कीं, ऐकणारांना तर नाहींच, पण डोळ्यांनीं न पाहतां वाजविणारांनाहि कोणती नळी कशाची हें ओळखतां आलें नाहीं. वादकांना हा निकाल आजहि फारसा रुचत नाहीं. तथापि त्यांतून बेताच्या पैशांत खरेदी करणारास एक गोष्ट निश्चित कळते : पैसा द्यावयाचा तो मापाच्या अचूकपणाला, द्रव्याच्या नांवाला नव्हे. फुंकण्याच्या छिद्राची कड किती धारदार, त्याच्या भिंती आंतून किती कोरलेल्या, पोकळी कोठें किती निमुळती, यावर स्वर अवलंबून असतो. एवढ्याशा नळींत केंसाएवढी चूकहि कानाला ऐकूं येते. लांकडांत ही कोरणी चांगली साधते, आणि निष्णात कारागीर बहुधा लांकडावरच आपली कला खर्च करतात, म्हणून उत्तम पिकोलो लांकडी असतात. याचा अर्थ प्रत्येक लांकडी पिकोलो उत्तम असते असा नाहीं. आणि नेमका याच उलट्या तर्कावर बाजारांतील पुष्कळ विक्री चालते.

हें लांकूड तरी कसलें? सामान्यतः ग्रेनाडिला. आफ्रिकेच्या पूर्व भागांत, टांझानिया व मोझांबिक या देशांत, होणाऱ्या एका काळ्या, हट्टी झाडाचें तें लांकूड होय. स्वाहिली भाषेंत त्याला अंपिंगो म्हणतात. तें इतकें जड असतें कीं पाण्यांत बुडतें. आपल्याकडील शिसवीचें तें सख्खें भावंड. दोघांचेंहि शास्त्रीय कुळ डाल्बर्जिया हेंच. जुन्या वाड्यांतील शिसवी देव्हारा ज्यानें पाहिला आहे त्याला या लांकडाची जात समजावून सांगावी लागणार नाहीं. या कुळावर जगभर कुऱ्हाड चालल्यामुळें २ जानेवारी १९१७ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २ जानेवारी २०१७ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलें, आणि वाद्य सीमेपलीकडे पाठवितांना परवाने दाखविण्याचा प्रसंग येऊं लागला. पुढें नोव्हेंबर २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. तरी परदेशांतून मागवितांना वाहतूक, विमा, सीमाशुल्क आणि वस्तु-सेवा कर हे चारहि आंकडे किंमतींत मिळवूनच हिशेब मांडावा. जाहिरातींतील किंमत हा केवळ पहिला आंकडा असतो.

आतां समजा, मुंबईच्या एखाद्या मध्यमस्थितींतील घरांतील मुलगी चार वर्षें फ्लूट शिकत आहे. वाद्यवृंदाच्या तालमींत तिला पिकोलोची जागा देऊं केली आहे, आणि घरांत लाखाच्या आंतलीच रक्कम बाजूला काढणें शक्य आहे. या घरापुढें मार्ग तीन. पहिला, कृत्रिम राळेच्या अंगाची नवी पिकोलो. दुसरा, चांगल्या कारखान्याची पण वापरलेली लांकडी. तिसरा, अनोळखी नांवाची, ‘अस्सल एबनी’ म्हणून विकली जाणारी, नवी आणि आश्चर्य वाटावें इतकी स्वस्त लांकडी.

तिसऱ्या मार्गाविषयीं फार बोलण्याचें कारण नाहीं. त्याच्या चाव्यांची धातु मऊ असते. बोटांच्या नित्याच्या दाबानें ती वांकते, आणि वांकलेली चावी छिद्र पुरतें झांकीत नाहीं. सूर मुळांतच विषम असतात. दुरुस्त करावयास नेलें तर दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीहून अधिक सांगितला जातो, आणि तो सांगणारा लबाड नसतो.

पहिला मार्ग मात्र वाटतो तितका कमीपणाचा नाहीं. जपानांतील हामामात्सुच्या यामाहा कारखान्याची एक पिकोलो कठीण कृत्रिम द्रव्याची असते. तिचें शीर्ष धातूचें, पण अंगाची पोकळी निमुळतीच. किंमत त्याच कारखान्याच्या लांकडी वाद्याच्या निम्म्याहून कमी. दुसऱ्या एका जपानी कारखान्यानें ग्रेनाडिलाचा भुसा राळेंत मिसळून केलेलें द्रव्य वापरलें आहे. हीं वाद्यें उन्हांत तडकत नाहींत, पावसांत फुगत नाहींत, आणि धातूच्या शीर्षावर ओंठ टेकावयास फ्लूटसारखीच पट्टी असल्यामुळें शिकणारास जागा चटकन् सांपडते. उघड्या मैदानावर संचलनांत वाजवावयाचें असेल, तर पैसा भरपूर असला तरी हेंच घ्यावें. लांकडी पिकोलो घेऊन सकाळच्या गारव्यांत उभें राहणें आणि दोन तासांनीं त्याच उन्हांत ती तापूं देणें, हें वाद्याच्या जिवावर उठण्यासारखें आहे. बंदिस्त सभागृहांत, व्हायोलिनांच्या जोडीला हळुवार वाजवावयाचें असेल, तेथें मात्र लांकडी वाद्य उजवें ठरतें. धातूच्या शीर्षाचा स्वर वेगळा उठून दिसतो. उत्तम लांकडी शीर्षाचा स्वर इतर वाद्यांत मिसळून जातो. ज्या मुलीचें उदाहरण वर घेतलें, तिचें काम दुसऱ्या प्रकारचें आहे. म्हणून तिच्या घरानें, रक्कम पुरत असल्यास, वापरलेल्या लांकडी वाद्याचा मार्ग धरणें योग्य. पण त्या मार्गावर कांटे पुष्कळ आहेत, आणि ते नीट दाखविल्यावांचून त्यावर कोणास पाठवूं नये.

सर्वांत मोठा कांटा जुन्या वाद्यांचा. मुंबईच्या जुन्या बाजारांत, गोव्यांतील एखाद्या घराच्या माळ्यावर, किंवा परदेशांतील लिलावांत, सुंदर काळी, रुप्यासारख्या चकाकत्या चाव्यांची लांकडी पिकोलो थोडक्या पैशांत मिळते. पेटींतील मखमल विटलेली असते, कारागिराचा छाप लंडनचा असतो. घेणाराचें मन विरघळतें. अशा वेळीं तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, चाव्या किती? उघडीं सहा भोंकें बोटांनीं झांकावयाचीं आणि चाव्या एक, चार किंवा सहाच असतील, तर तें बोहमपूर्वीच्या पद्धतीचें वाद्य होय. आपल्या अलगुजाशीं त्याचें नातें जवळचें. तें वाजत नाहीं असें नव्हे. आयर्लंडांतील लोकसंगीतांत असल्या वाद्यांना आजहि मान आहे. परंतु ज्या मुलीचीं बोटें बोहमच्या रचनेवर चार वर्षें तयार झालीं, तिला तें नव्यानें शिकावें लागेल.

दुसरी, वाद्य कोणत्या स्वराचें? पूर्वीं फौजी बँडांसाठीं पिकोलो अर्धा स्वर चढ्या करीत. त्यांना डी-फ्लॅट पिकोलो म्हणतात. त्या जुन्या बँडच्या कागदांवर चालतात. आजच्या वाद्यवृंदांत त्यांच्यावर प्रत्येक ओळ मनांतल्या मनांत बदलून वाजवावी लागेल. यांत आणखी एक गोंधळ असा कीं, जुने इंग्रज कारागीर वाद्याला सहाहि बोटें ठेवून निघणाऱ्या स्वराचें नांव देत. त्यामुळें जिला आपण आज ‘सी’ पिकोलो म्हणतों तिलाच जुन्या यादींत ‘डी’ म्हटलेलें सांपडतें, आणि डी-फ्लॅटची ती ‘ई-फ्लॅट’ होऊन बसते. छापील नांवावर विश्वास न ठेवतां सहा बोटें ठेवून स्वर वाजवावा आणि पियानोशीं ताडून पाहावा. तो ‘डी’ आला तर ठीक. ‘ई-फ्लॅट’ आला, तर वाद्य कितीहि देखणें असो, परत पेटींत ठेवावें.

तिसरी गोष्ट सर्वांत फसवी. इंग्लंडांत एकोणिसाव्या शतकांत ‘ए’ हा स्वर सेकंदाला सुमारें ४५२ कंपनांचा धरीत. १९३९ सालीं लंडनला भरलेल्या परिषदेनें तो ४४० ठरविला, आणि तोच आज जगांत सामान्यतः चालतो. बारा कंपनांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण कानाला तो अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्मा आहे. तेवढ्यानें साथ बेसूर होते. विकणारा सांगतो, ‘शीर्ष थोडें बाहेर ओढा, सूर उतरेल.’ उतरतो खरा. पण सगळे सारखे उतरत नाहींत. फुंकेजवळच्या भोंकांचे स्वर अधिक उतरतात, दूरच्यांचे कमी, आणि एक बेसूर घालवितांना बारा बेसूर घरांत येतात. कांहीं वाद्यांवर, विशेषतः अमेरिकन वाद्यांवर, चढ्या पट्टीसाठीं ‘एच्. पी.’ आणि उतरत्या पट्टीसाठीं ‘एल्. पी.’ असा ठसा असतो. ठसा नसेल तर स्वरमापक लावावा. तो हल्लीं प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें असतो, तेव्हां न लावण्यास सबब उरलेली नाहीं.

हे तीन कांटे टाळले कीं राहतात तीं गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतील बोहम पद्धतीचीं वाद्यें. सॅक्सनींतील मार्कनॉयकिर्खेन हें गांव पिढ्यान्‌पिढ्या वाद्यांवर जगत आलें आहे. तेथील हामिग घराण्याच्या पिकोलो जगभरच्या वाद्यवृंदांत वाजल्या. यामाहाची ग्रेनाडिलाची पिकोलोहि वापरलेल्या बाजारांत येते. बॉस्टन परिसरांत हेन्स यांची पेढी १८८८ पासूनची आणि पॉवेल यांची १९२७ पासूनची. त्यांचीं वाद्यें जुनीं झालीं तरी महागच राहतात, म्हणून बेताच्या थैलीवाल्यानें तिकडे पाहूं नये. हामिग घराण्याचें वाद्य स्वरानें मोठें गोड, पण एकासारखें दुसरें नसतें. जपानी वाद्य थोडें एकसुरी, पण भरंवशाचें. स्वतः वाजवून पाहतां येत असेल तर पहिलें. न पाहतां मागवावें लागत असेल तर दुसरें.

वाद्य हातीं आल्यावर तें वाजविण्याच्या आधीं डोळ्यांनीं वाचावें. खिडकीपाशीं उजेडांत धरून शीर्षावरील फुंकण्याच्या छिद्राभोंवतीं, सांध्याच्या कड्यांखालीं आणि चाव्या ज्या लहान खांबांवर बसविलेल्या असतात त्यांच्या ओळीनें केंसासारखी रेघ दिसते का तें पाहावें. लांकडाची रग आणि तडा यांत फरक असा कीं, नख फिरविलें असतां तडा नखाला लागतो. तडा गेलेलें वाद्य टाकाऊच असतें असें नाहीं. चांगला कारागीर तो चिकटवून, आडव्या खिळ्या घालून, पुढें वीस वर्षें चालवितो. परंतु तडा एखाद्या स्वराच्या छिद्रांतून किंवा फुंकेच्या छिद्रांतून गेला असेल, तर किंमत कितीहि उतरविली तरी घेऊं नये. छिद्राची कड हाच त्या वाद्याचा गळा आहे.

नंतर चाव्या. प्रत्येक चावीला आडवी हलवून पाहावी; लटपटली तर दांडा झिजला आहे. सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी गादीखालीं ठेवून चावी हलकेच दाबावी आणि पट्टी ओढावी. चारी बाजूंनीं सारखी अडली तर गादी बसते आहे. मग सर्व छिद्रें झांकून अंगाचें एक टोंक तळव्यानें बंद करावें आणि दुसऱ्या टोंकानें हवा ओढून घ्यावी. आंतील ओढ दोन-तीन सेकंद तरी टिकली पाहिजे. ती लागलीच सुटली तर गाद्या बदलाव्या लागतील, आणि तो खर्च किमतींतून वजा करून मागावा. आपल्या देशांत पिकोलोच्या गाद्या नीट बसविणारे हात थोडे आहेत. म्हणून ठरविलेल्या रकमेचा दहावा भाग तरी खरेदींत न घालतां दुरुस्तीसाठीं बाजूला ठेवावा. हा भाग ठेवतां येत नसेल तर तें वाद्य आपल्या ऐपतीबाहेरचें आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

वाजवून पाहण्याचें काम दोघांनीं करावें. वाजविणारीनें दालनाच्या एका टोंकाला उभें राहावें, आणि तिच्या गुरूंनीं दुसऱ्या टोंकाला, पाठ करून. कारण पिकोलो वाजविणाराच्या कानाला जी ऐकूं येते ती वेगळी आणि दहा हातांवरून येते ती वेगळी. आधीं दहा मिनिटें वाजवून वाद्य कोंबट करावें. थंड वाद्य नेहमीं उतरतें. नुसतीं जलद सरगमें वाजवूं नयेत, त्यांत दोष लपतात. खालचा ‘डी’ अगदीं हळू लावावा आणि आठ मोजेपर्यंत धरावा. मग मधल्या सप्तकांतील स्वर त्यांच्या खालच्या जोडीदारांशीं ताडावेत. शेवटीं, आणि हीच खरी परीक्षा, तिसऱ्या सप्तकांतील ‘ई’, ‘जी-शार्प’ आणि ‘बी’ हे स्वर मंद आवाजांत काढून पाहावेत. मोठ्यानें तर कोणत्याहि नळींतून किंकाळी निघते. हळू निघाली तर ती पिकोलो. तिसऱ्या सप्तकाच्या ‘ई’साठीं कांहीं वाद्यांत एक जादा दांडी असते. ती असली तर बरें, पण तिच्यासाठीं चांगलें शीर्ष सोडूं नये. निर्णय शीर्षावर करावा. लांकडी शीर्षाला बहुधा ओंठाची पट्टी नसते, म्हणून फ्लूटवरून येणाऱ्यास पहिल्या दिवशीं स्वर सांपडणार नाहीं. तेवढ्यावरून वाद्याला दोष देऊं नये. विकणारा आठ दिवस घरीं नेऊं देत असेल तर ती सवलत पांच हजारांच्या सुटीहून मोलाची.

एक सूचना संस्थांना. वाद्यवृंदांत पिकोलो सामान्यतः एकच लागते. शाळेच्या किंवा संस्थेच्या पथकानें ती स्वतः घेऊन वादकाला वापरावयास दिली, तर प्रत्येक घरावर हा भार पडणार नाहीं, आणि चार घरांच्या चार सुमार पिकोलोंऐवजीं एक खरोखर चांगली येईल. ढोल-ताशांच्या पथकांना जी गोष्ट समजते ती फ्लूट शिकविणाऱ्या वर्गांना समजूं नये याचें नवल वाटतें.

कानांबद्दलहि बोलणें जरूर आहे, कारण दुकानदार तें कधीं बोलत नाहीं. पिकोलोचा वरचा स्वर वाजविणाराच्या कानाशीं शंभर डेसिबेलच्या वर जातो, आणि वाद्य उजवीकडे धरावयाचें असल्यामुळें मार उजव्या कानाला अधिक बसतो. लहानशा खोलींत रोज तासभर असा सराव करणें धोक्याचें आहे. गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. उजव्या कानांत संगीतकारांसाठीं मिळणारें बूच घालावें, पडदे-गाद्यांच्या खोलींत बसावें, आणि सरावाचा बराच भाग फ्लूटवरच करावा. शेजाऱ्यांचाहि त्यांत फायदा आहे.

राहिली जोपासना. लांकूड तडकतें तें बाहेरच्या हवेनें एकट्यानें नव्हे. श्वासाची ओल आंतून झपाट्यानें शिरते, बाहेरचें अंग कोरडेंच असतें, आणि या ओढाताणींत रेघ पडते. म्हणून नवें लांकडी वाद्य, किंवा बरींच वर्षें पेटींत पडून राहिलेलें जुनें, पहिले दोन आठवडे रोज दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वाजवूं नये. पुढें हळूहळू वेळ वाढवावी. थंड वाद्य हातांत व कांखेंत धरून बाहेरून ऊब द्यावी आणि मगच फुंकावें. वाजविल्यावर बारीक काठीला रेशमी कापड गुंडाळून दोन्ही तुकडे आंतून कोरडे करावेत. मुंबईच्या पावसाळ्यांत सांधा फुगून घट्ट होतो. तो जोरानें पिळूं नये. नागपूर-पुण्याकडील चैत्र-वैशाखांत उलट भीति कोरडेपणाची. तेव्हां पेटींत ओल धरून ठेवणारी लहान पिशवी ठेवावी. वातानुकूलित सभागृहांतून दुपारच्या उन्हांत बाहेर पडतांना पेटी बंद असावी. समुद्रालगतच्या घरांत चाव्यांच्या पोलादी कमानींवर गंज चढतो, त्या अधूनमधून पाहाव्यात.

पहिला पावसाळा संपला म्हणजे, दसऱ्याच्या सुमारास, बाजूला ठेविलेल्या दहाव्या भागांतून वाद्य एकदां जाणत्या दुरुस्तीकाराकडून तपासून घ्यावें. तोंवर लांकूड जेवढें हलावयाचें तेवढें हललेलें असतें, आणि गाद्या पुन्हां समपातळींत आणतां येतात. दसऱ्याला वाद्याची पूजा करण्याची ज्या घरांत चाल आहे, त्यांनीं हळदकुंकू पेटीच्या झांकणावर वाहावें. गादीवर पडलेली चिमूटभर हळद काढावयास तो दुरुस्तीकार निराळे पैसे घेतो.